किलोमागे २५ ग्रॅम

हॅचरीतून निघालेलं ब्रॉयलरचं पिल्लू साधारण ४२ ग्रॅमचं असतं. चाळीसाव्या दिवशी तेच पिल्लू २ किलो २०० ग्रॅमच्या घरात पोचतं. म्हणजे बावन्न पट. तीन किलोंचं नवजात बाळ याच वेगाने वाढलं, तर सव्वा महिन्यात ते दीडशे किलोंच्या पुढे जाईल. हार्मोनची इंजेक्शनं देऊन कोंबडी फुगवतात, हा समज जुना आहे आणि चुकीचाही आहे. ही वाढ मुख्यतः निवडीतून आली आहे, पिढ्यानपिढ्या सर्वांत वेगाने वाढणारे पक्षी वेगळे काढून त्यांचीच पैदास केल्यामुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालच्या वाणांचे पक्षी एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवून पाहिले. छप्पन्नाव्या दिवशी १९५७ च्या वाणाचा पक्षी ९०५ ग्रॅम भरला, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच, वजन साडेचार पटींहून जास्त.

जगात आता वर्षाला ७ हजार कोटींहून अधिक कोंबड्या मांसासाठी कापल्या जातात. दर सेकंदाला सव्वादोन हजार. पृथ्वीवरच्या सगळ्या रानपाखरांचं वस्तुमान एकत्र केलं, तर माणसाने पाळलेल्या कोंबड्या-बदकांचं वस्तुमान त्याच्या सुमारे तिप्पट भरतं. भारतात २०१९ च्या पशुगणनेत ८५ कोटींहून अधिक कोंबडीवर्गीय पक्षी मोजले गेले. गणनेच्या वेळी जेवढे जिवंत होते तेवढेच हे. ब्रॉयलरच्या शेडमध्ये वर्षात पाच-सहा वेळा पक्षी बदलतात.

या धंद्याची सुरुवात एका चुकीच्या ऑर्डरमधून झाली असं सांगतात. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये सेसील स्टील या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली होती. हॅचरीने ५०० पाठवली. परत न करता त्यांनी ती वाढवली. १८ आठवड्यांनी ३८७ जगली, प्रत्येकी सुमारे दोन पौंड म्हणजे ९०० ग्रॅमची, आणि पौंडाला ६२ सेंट असा चांगला भाव मिळाला. पुढच्या वर्षी त्यांनी जास्त पिल्लं मागवली, शेजाऱ्यांनीही मागवली, आणि तो सगळा किनारी पट्टा कोंबड्यांचा झाला. आपल्याकडे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली. तमिळनाडूत उदुमलपेटला दोन भावांनी १९८४ मध्ये सुगुणा सुरू केली आणि नव्वदीच्या दशकात करार पद्धत रुजवली. आज नाशिकपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत माळावर जी लांबट, जाळीची, पत्र्याची शेडं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच शेडांत 'कंपनीचे पक्षी' असतात.

कंपनीचे पक्षी म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, लस आणि औषधं कंपनीची, दर दोन-चार दिवसांनी येणारा सुपरवायझर कंपनीचा. शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. पक्षी तयार झाले की कंपनीच्या व्यापाऱ्याच्या गाड्या येऊन उचलून नेतात आणि शेतकऱ्याला किलोमागे ठरलेला संगोपन दर मिळतो. एफसीआर, म्हणजे एक किलो वजन चढायला लागलेलं खाद्य, चांगला आला तर वर बक्षीस. मरतूक वाढली तर कपात.

या व्यवस्थेत कंपनी सुरक्षित आणि शेतकरी अडकलेला, असं सर्रास म्हटलं जातं. शेतकऱ्याबद्दल ते खरं आहे. शेडचं कर्ज त्याच्या नावावर असतं, आणि पुढची पिल्लं कधी टाकायची ते कंपनी ठरवते. पण कंपनी सुरक्षित आहे, हे आकडे पाहिल्यावर पटत नाही.

महिन्याला १ कोटी पक्षी विकणारी एक कंपनी धरू. नाव नको, हिशेब पुरे. सरासरी वजन २.२ किलो धरलं तर महिन्याला २ कोटी २० लाख किलो जिवंत कोंबडी. दरात किलोमागे एक रुपया इकडे-तिकडे झाला, तर महिन्याला २ कोटी २० लाखांचा आणि वर्षाला २६ कोटींचा फरक. आणि जिवंत कोंबडीचा दर रुपयाने हलत नाही. तो आठवड्यात दहा-पंधरा रुपयांनी हलतो.

एफसीआर १.६ धरला तर या पक्ष्यांना महिन्याला ३५,२०० टन खाद्य लागतं. रोज सुमारे १,१७० टन. २० टनांचा एक ट्रक धरला तर रोज ५८-५९ ट्रक, रविवारीसुद्धा, दिवाळीतसुद्धा. त्यातला सुमारे ६० टक्के भाग मका असतो, म्हणजे महिन्याला २१ हजार टन. हेक्टरी साडेतीन टन उत्पादन धरलं तर एका कंपनीच्या कोंबड्या वर्षभरात सुमारे ७२ हजार हेक्टरांवरचा, म्हणजे पावणेदोन लाखांहून जास्त एकरांवरचा मका खातात.

एका वेळी शेडांत उभे असलेले पक्षी १ कोटी ३३ लाख. कोणी दोन दिवसांचं, कोणी उद्या गाडीत चढणारं. सगळ्यांवर झालेला खर्च सरासरी ९० रुपये धरला, तरी १२० कोटींचा माल. तो गोदामात नाही, त्याला कुलूप नाही. ५ हजार पक्ष्यांचं एक शेड आणि वर्षाला सहा बॅचेस धरल्या, तर तो ४ हजार शेडांत विखुरलेला आहे, ४ हजार वेगवेगळ्या माणसांच्या ताब्यात. एका सुपरवायझरकडे पन्नास शेडं दिली, तरी ऐंशी सुपरवायझर लागतात, आणि तेही रात्री घरी जातात. भारनियमनाची रात्र, फेब्रुवारीतली थंडी, विदर्भातला मे महिना यांच्याशी त्या मालाची गाठ पडते तेव्हा तिथे फक्त शेतकरी असतो. कोंबडीला घाम येत नाही. पंख्यांवर आणि कूलिंग पॅडवर चालणाऱ्या बंद शेडमध्ये भर उन्हाळ्यात वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर अर्ध्या तासात हजारो पक्षी जाऊ शकतात.

दुसऱ्या कारखान्यात मागणी घटली की यंत्र थांबवता येतं. इथे ती सोय नाही. अंडं मशिनात ठेवल्यापासून पिल्लू निघायला २१ दिवस, पिल्लापासून तयार पक्षी व्हायला ४० दिवस. आज विकायच्या कोंबडीचा निर्णय दोन महिन्यांपूर्वी झालेला असतो. त्याच्याही मागे ती अंडी घालणारे पेरेंट पक्षी आहेत. पेरेंट पिल्लू आणल्यापासून ते अंड्यावर यायला २४-२५ आठवडे जातात आणि पुढे चाळीसेक आठवडे ते अंडी देत राहतं. आज किती पेरेंट ठेवायचे हे ठरवणारा माणूस खरं तर दीड वर्षापर्यंतच्या बाजाराचा अंदाज बांधत असतो. एका ग्रँडपेरेंट कोंबडीपासून पन्नासेक पेरेंट माद्या आणि प्रत्येक मादीपासून सुमारे १४० पिल्लं धरली, तर त्या एका कोंबडीमागे ७ हजार ब्रॉयलर उभे राहतात. वरच्या पायरीवर शंभर कोंबड्यांचा अंदाज चुकला, तर खाली ७ लाख पक्षी जास्त होतात.

महाराष्ट्रात या अंदाजाला श्रावणाची कसोटी असते. गटारीला दर चढतो आणि चार दिवसांत उतरतो. श्रावणात पक्षी कमी हवेत, तर अंडी मशिनात ठेवणं ज्येष्ठातच कमी करावं लागतं. त्यातही उत्तरेतला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, म्हणून तिकडचा जास्तीचा माल आपल्या बाजारावर आधीच दाब आणतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक, त्यानंतर निज. पंचांग बघून पिल्लं टाकणारी माणसं या धंद्यात आहेत, आणि ती बरोबर करतात.

अंदाज चुकला तर काय होतं, ते आपल्या काल्पनिक कंपनीवरच पाहू. तिचे रोज ३ लाख ३३ हजार पक्षी गाडीत चढायला हवेत. चार दिवस उचल थांबली, तर चौथ्या दिवशी सव्वातेरा लाख तयार पक्षी शेडात बसून असतील. या वयाचा पक्षी दिवसाला सुमारे १८० ग्रॅम खातो. म्हणजे २४० टन खाद्य, जवळजवळ १ कोटी रुपये, एका दिवसाला. खाल्लेल्या खाद्याचं वजन चढतं, पण तेही कंपनीच्या कामी येत नाही. आपल्याकडे बहुतांश कोंबडी जिवंत विकली जाते, हॉटेलवाल्याला आणि दुकानदाराला ठरावीक वजनाचा पक्षी हवा असतो, आणि तीन किलोंच्या पक्ष्याला किलोमागे कमीच दर मिळतो. कापून, गोठवून ठेवावं तर तेवढी शीतगृहं नाहीत आणि गोठवलेलं खाणारा ग्राहकही थोडा. मागून रोज नवी ३ लाख ३३ हजार पिल्लं चाळीसाव्या दिवसाकडे सरकतच असतात.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हेच देशभर घडलं. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा फोनाफोनांतून फिरली. उत्पादन खर्च किलोला ७५-८० रुपयांच्या आसपास असताना शेडवरचा दर काही ठिकाणी १० रुपयांच्याही खाली गेला. आपल्या कंपनीचा हिशेब लावला तर किलोमागे ६५ रुपये तोटा, महिन्याला १४० कोटींहून जास्त. अनेकांनी कोंबड्या फुकट वाटल्या. कर्नाटकात गोकाकच्या बाजूला हजारो पक्षी जिवंत पुरले गेले. ते दृश्य ज्यांनी पाहिलं, त्यांना ते विसरता येणार नाही. मग कंपन्यांनी पिल्लं टाकणं थांबवलं, अंडी मशिनात न ठेवता विकून टाकली, आणि दोन महिन्यांनी बाजारात माल नाहीसा झाला तेव्हा दर पुन्हा चढले. त्या मधल्या दोन महिन्यांत रिकाम्या शेडचे हप्ते शेतकऱ्यांनी भरले.

रोगाचं भयही याच जातीचं आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. नवापूर मुख्यतः अंड्यांच्या कोंबड्यांचं गाव. तरी दर पडले ते देशभरातल्या ब्रॉयलरचे, शेकडो किलोमीटरवरच्या निरोगी शेडांतल्या पक्ष्यांचे. ज्या कंपनीचा एकही पक्षी आजारी नव्हता, तिलाही महिनाभर गिऱ्हाईक नव्हतं. २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यापासून ते पुन्हा नवापूरपर्यंत तोच फेरा आला.

आणि खाद्य. ब्रॉयलरच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा, आणि खाद्यातला सोयापेंडीचा वाटा साधारण २८ टक्के. २०२१ च्या सुरुवातीला पेंड किलोला ४० रुपयांच्या आसपास होती. ऑगस्टपर्यंत ती नव्वदीच्या पुढे गेली. आपली कंपनी महिन्याला ९,८०० टन पेंड वापरते. किलोला ५० रुपये वाढले म्हणजे महिन्याला ४९ कोटी रुपये नुसते पेंडीत गेले. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. कंपन्यांना हायसं वाटलं, पण लातूरकडे क्विंटलला १० हजारांपर्यंत चढलेला सोयाबीनचा दर नवा माल यायच्या तोंडावर कोसळला. एकाच राज्यातले दोन शेतकरी, एक सोयाबीनवाला आणि एक पोल्ट्रीवाला, आणि एकाचा चांगला हंगाम म्हणजे दुसऱ्याच्या कंपनीचा वाईट. यावर सोपं उत्तर मला दिसत नाही, पण १२ लाख टनांचा निर्णय घेताना दोघांनाही एका टेबलावर बसवायला हवं होतं, असं मात्र ठामपणे वाटतं.

खाद्याने केवढी कंपनी बुडू शकते, याचं उदाहरण टेक्सासमध्ये आहे. पिट्सबर्ग नावाच्या छोट्या गावात पिलग्रिम बंधूंनी १९४६ साली पशुखाद्याचं दुकान घेतलं. त्यातून पिलग्रिम्स प्राइड उभी राहिली. जानेवारी २००७ मध्ये तिने गोल्ड किस्ट ही कंपनी १.१ अब्ज डॉलरला घेतली आणि ती अमेरिकेतली सर्वांत मोठी चिकन कंपनी झाली. त्याच सुमारास मका इथेनॉलकडे वळू लागला होता. काही वर्षांपूर्वी बुशेलला दोन-अडीच डॉलरवर असलेला मका २००८ च्या उन्हाळ्यात आठ डॉलरच्या जवळ पोचला. कंपनी जेवढी मोठी झाली होती, तेवढाच मका तिला जास्त विकत घ्यावा लागत होता, आणि गोल्ड किस्टचं कर्ज डोक्यावर होतं. त्या आर्थिक वर्षात जवळपास १ अब्ज डॉलर तोटा झाला. १ डिसेंबर २००८ रोजी पिलग्रिम्स प्राइडने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्या वर्षी ब्राझीलच्या जेबीएसने ८० कोटी डॉलरमध्ये तिचे ६४ टक्के समभाग घेतले. मधल्या काळात आर्कान्सामधल्या एल डोराडोसारख्या गावांतले कारखाने बंद झाले, आणि त्यांच्याभोवतालच्या करार शेतकऱ्यांकडे कर्जाची शेडं उरली. कोंबड्यांसाठी बांधलेलं शेड दुसऱ्या कशाच्या उपयोगाचं नसतं.

आज आपल्याकडे मका इथेनॉलकडे वळतो आहे. इथेनॉलसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं पीक म्हणून तो उसाच्या पुढे गेला, आणि वर्षानुवर्षं मका निर्यात करणाऱ्या भारताने २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणात आयात केला. मक्याच्या शेतकऱ्याला तेव्हा चांगला भाव मिळाला, ते हवंच होतं. पण कोंबडीच्या कंपन्यांनी टेक्सासचं ते वर्ष काळजीपूर्वक वाचायला हवं.

मक्याचा भाव, अफवा, विषाणू, पंचांग. यांतलं काहीच कंपनीच्या हातात नाही. हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्या ४ हजार शेडांमध्ये रोज काय घडतं. आणि नेमकी तीच गोष्ट करार पद्धतीने तिने दुसऱ्याच्या हातात दिली आहे. मला सर्वांत मोठी जोखीम तिथे दिसते, आणि ती उलट्या बाजूने वाचावी लागते. कंपनीला वाटतं, शेडचा खर्च आपण शेतकऱ्याकडे ढकलला. वस्तुस्थिती अशी, की तिने स्वतःचे १२० कोटी त्याच्या उशाशी नेऊन ठेवले आहेत.

तो काय करतो? पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२-३३ अंशांची ऊब लागते. ती कमी पडली की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात, आणि जी वाचतात ती पुढे महिनाभर मागेच राहतात. म्हणून तो रात्री दोनला उठून पडदे आणि शेगडी बघतो. पक्षी वाढतील तसं खाद्याचं भांडं त्यांच्या पाठीच्या उंचीला वर घ्यावं लागतं. नाही घेतलं तर ते चोचीने खाद्य उडवतात आणि ते तुसात जातं. पाण्याचं निपल गळलं की तूस ओलं होतं, अमोनिया चढतो, डोळे चुरचुरतात, पक्षी खाणं कमी करतात. दोन पक्षी मान टाकून बसलेले सर्वांत आधी त्यालाच दिसतात. मरतुकीची कपात होईल या भीतीने त्याने ते दोन दिवस लपवलं, तर राणीखेत किंवा गंबोरोसारखा रोग शेजारच्या शेडात पोचलेला असतो. कपातीचं कलम लिहिणाऱ्याने हे दोन दिवस धरलेले नसतात.

आता एक शेवटचा हिशेब, आणि सगळ्या आकड्यांत मला तो सर्वांत मोठा वाटतो. खाद्य किलोला ४० रुपये धरू. म्हणजे १ रुपया बरोबर २५ ग्रॅम खाद्य. संगोपन दर किलोमागे १ रुपयाने वाढवला, तर कंपनीला महिन्याला २ कोटी २० लाख जास्त द्यावे लागतात, आणि बैठकीत हा आकडा ऐकून मागणी फेटाळली जाते. पण एफसीआर १.६ चा १.५७५ झाला, किलोमागे फक्त २५ ग्रॅम खाद्य वाचलं, तर तेवढेच पैसे परत येतात. २.२ किलोंच्या पक्ष्यामागे ५५ ग्रॅम, चाळीस दिवसांत. दिवसाला दीड ग्रॅमसुद्धा नाही.

५ हजार पक्ष्यांच्या शेडात एका बॅचला ५० किलोंची ३५२ पोती लागतात. त्यांतली साडेपाच पोती वाचवायची आहेत. त्या बदल्यात शेतकऱ्याच्या हातात बॅचला ११ हजार आणि वर्षाला ६६ हजार रुपये जास्त पडतात. भांडं वेळेवर वर घेणारा, गळकं निपल त्याच दिवशी बदलणारा, मान टाकलेला पक्षी पाहताच फोन करणारा माणूस साडेपाचहून कितीतरी जास्त पोती वाचवू शकतो. ज्याला दर परवडत नाही, पुढच्या पिल्लांची खात्री नाही आणि बॅच संपल्यावर हिशेबाचा कागद नीट समजावून दिला जात नाही, त्याच्या शेडात ती पोती तुसात जातात, आणि कंपनीच्या ताळेबंदात ती कुठल्याच रकान्यात वेगळी दिसत नाहीत.